बाबांचे नेटबुक आणि दोन जीबी मेमरी

आमचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. बाबा हायस्कूलमधून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून ते संगमेश्वरी बोलीतले शब्द आणि वाक्प्रचार गोळा करत आहेत. आजवर हे काम फुलस्केप वह्यांमध्ये चालले होते. गेल्या गणपतीत मी घरी गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून २०१० साली घेतलेले दहा इंची नेटबुक काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "अरे, हे पुन्हा चालू करून दे. एवढ्यावर लिहिता आले तरी पुष्कळ झाले."

नवा लॅपटॉप घेऊ या, असे मी सुचवून पाहिले. पण बाबांना हेच हवे होते, आणि त्यामागे त्यांचा विचार होता. ते वाडीवाडीत जातात, कुणाच्या पडवीत बसतात, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात आणि तिथेच टिपून घेतात. हे नेटबुक शबनम पिशवीत मावते आणि मांडीवर ठेवले तरी समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो. हे त्यांचे म्हणणे मला पटले आणि सुट्टीतले पाच दिवस मी या एका यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्यासाठी दिले. त्या पाच दिवसांत जे कळले आणि पुढच्या काही महिन्यांत जे टिकले, ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण अशी नेटबुके आणि इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातले डेस्कटॉप आपल्याकडे अनेक घरांत, शाळांत आणि वाचनालयांत आजही झाकून ठेवलेले आहेत.

यंत्र असे होते: इंटेल अ‍ॅटम एन ४५० प्रोसेसर, १.६६ गिगाहर्ट्‌झ, एकच कोअर. एक जीबी डीडीआर-२ मेमरी. १६० जीबीची फिरती हार्ड डिस्क. १०२४ बाय ६०० पिक्सेलचा पडदा. त्यावर विंडोज ७ स्टार्टर होते, ज्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला. यंत्र सुरू केले तर डेस्कटॉप दिसायला काही मिनिटे लागली, आणि दिसल्यानंतरही कडेचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा विझायला तयार नव्हता. डिस्क आतल्या आत करकरत होती, माऊसचा बाण अडखळत होता आणि उजव्या क्लिकचा साधा मेन्यू उघडायला अर्धा मिनिट गेला.

तो न विझणारा दिवा म्हणजेच जुन्या संगणकाचे खरे दुखणे आहे. "प्रोसेसर जुना झाला, म्हणून संगणक हळू चालतो" असे आपण सहज म्हणून जातो. पण मजकूर लिहिणे, पीडीएफ वाचणे, मेल पाहणे एवढ्या कामांना एन ४५० आजही पुरतो. अडते ते मेमरीपाशी. मेमरी भरली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्यातली काही पाने (मेमरीचे छोटे तुकडे) डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागतील तेव्हा परत आणतो. या जागेला स्वॅप म्हणतात. मेमरीतून एखादी गोष्ट वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरची योग्य जागा शोधून वाचायला दहा-पंधरा मिलिसेकंद. म्हणजे फरक लाखपटीच्याही पुढे जातो. एकदा ही ये-जा सुरू झाली की प्रोसेसर रिकामा बसून असतो आणि माणूस पडद्याकडे पाहत राहतो. लिनक्स टाकले म्हणून हे आपोआप थांबत नाही. विंडोज काढून एखादा जड डेस्कटॉप असलेला लिनक्स टाकणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच, आणि मग दोष लिनक्सला दिला जातो. म्हणून मी डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या, नावापासून सुरुवात न करता मेमरीपासून सुरुवात केली.

त्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता: ३२ बिट की ६४ बिट? विंडोज ७ स्टार्टर फक्त ३२ बिटमध्येच मिळत असे, त्यामुळे त्या काळातली नेटबुके ३२ बिटचीच आहेत, असा समज अजूनही पक्का आहे. २००८ चा अ‍ॅटम एन २७० खरोखरच ३२ बिटचा आहे. २०१० चा एन ४५० मात्र ६४ बिट चालवतो. लिनक्सच्या कुठल्याही लाइव्ह (न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून प्रोसेसरची माहिती काढली आणि त्यात 'एलएम' हा झेंडा दिसला, की प्रोसेसर ६४ बिटचा आहे असे समजावे.

कमी मेमरीच्या यंत्रावर ३२ बिट टाकावे, हा सल्ला दहा वर्षांपूर्वी बरोबर होता, कारण ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) दुप्पट जागा घेतो आणि तोच प्रोग्रॅम अधिक मेमरी खातो. आज मात्र तो रस्ता जवळजवळ बंद झाला आहे. क्रोमने लिनक्सवरची ३२ बिटची आवृत्ती २०१६ मध्येच थांबवली. आर्च या डिस्ट्रोने २०१७ मध्ये, तर उबुंटू आणि फेडोरा या डिस्ट्रोंनी २०१९ मध्ये ३२ बिटची यंत्रे सोडून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची नेहमीची आवृत्ती ठरली. त्यानंतर उरला तो फक्त ईएसआर १४० या दीर्घ आधाराच्या आवृत्तीचा आधार. ज्यांच्याकडे एन २७० आहे त्यांना डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेला अँटिएक्स २३ वापरता येईल. डेबियन १२ ला दीर्घ मुदतीचे सुरक्षा अपडेट जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. आमच्या हाताशी ६४ बिट होते, त्यामुळे मी तेच निवडले आणि जास्त लागणाऱ्या मेमरीची सोय वेगळी करायची ठरवले.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आता ६४ बिटच्या आतही थर पडू लागले आहेत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला 'एक्स-८६-६४-व्ही-२' पातळीचा प्रोसेसर लागतो आणि १० ला व्ही-३. ओपनसूझे लीप १६ लाही व्ही-२ हवे. व्ही-२ साठी एसएसई ४.२ हा सूचनासंच असावा लागतो आणि तो ना एन ४५० मध्ये आहे, ना कोअर टू ड्युओमध्ये. त्यामुळे "६४ बिट आहे, म्हणजे कुठलाही नवा डिस्ट्रो चालेल" हे आता खरे राहिलेले नाही. डेबियनने मात्र २००३ साली बाजारात आलेल्या पहिल्या ६४ बिट एएमडी प्रोसेसरांची पायाभूत पातळीच कायम ठेवली आहे. या एका निर्णयासाठी मला डेबियनच्या लोकांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

आता यंत्राकडे वळू. एन ४५० ला जास्तीत जास्त दोन जीबी मेमरी चालते आणि नेटबुकमध्ये तिच्यासाठी एकच खाच आहे, म्हणून एक जीबीची पट्टी काढून दोन जीबीची बसवायची होती. डीडीआर-२ ची लॅपटॉपची पट्टी आता नवी मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मला ती मिळाली. मागचे झाकण उघडले तेव्हा दिसले, की कोकणातल्या दमट हवेने जुन्या पट्टीचे सोनेरी पाय काळवंडले होते आणि खाचेतही तांबूस थर धरला होता. नव्या पट्टीचे पाय स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसले, खाच मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली, आणि पट्टी तिरकी घालून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत खाली दाबली. जुन्या बाजारातून आणलेल्या मेमरीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मी रात्रभर मेमटेस्ट-८६-प्लस चालवत ठेवले. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य पाहिले आणि मगच पुढचे काम हाती घेतले. मेमरीतला एखादा बिट मधूनच बिघडत असेल, तर त्याचा परिणाम चार महिन्यांनी एखाद्या खराब झालेल्या फाइलच्या रूपाने दिसतो आणि तेव्हा कारण सापडत नाही.

फिरती डिस्क काढून तिच्या जागी १२० जीबीची साधी साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) बसवली. जुन्या यंत्रावर एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर कशावर करावेत, असे मला कुणी विचारले, तर मेमरी किमान दोन जीबी आहे असे धरून, मी एसएसडीचेच नाव घेईन. नेटबुकाचा साटा पोर्ट जुन्या वेगाचा असला, तरी लाभ त्या वेगात नसून जागा शोधण्याचा वेळ नाहीसा होण्यात आहे.

डिस्ट्रोच्या निवडीत माझे दोन दिवस गेले आणि त्यातूनच मला सर्वांत महत्त्वाचा धडा मिळाला. हलक्या डिस्ट्रोंची यादी कुणीही सांगेल. पपी लिनक्स २००३ पासून आहे आणि सगळाच्या सगळा मेमरीत चढून चालतो. टायनी कोअर तर पंचवीस एमबीच्या आत बसतो. अँटिएक्स डेबियनवर आधारलेला आहे, सिस्टमडी (यंत्रावरच्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरत नाही आणि आइसडब्ल्यूएमसारख्या साध्या विंडो मॅनेजरवर फार थोड्या मेमरीत उभा राहतो. हे तिन्ही मनापासून आणि मेहनतीने केलेले काम आहे. पण आम्हाला या यंत्रावर मराठी लिहायचे होते, आणि तिथे हलकेपणाची किंमत दिसू लागते.

देवनागरीचा मजकूर पडद्यावर आणणे म्हणजे एकापुढे एक अक्षर मांडत जाणे नव्हे. 'कि' मध्ये वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. 'धर्म' मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. 'क्ष' ला तीन चिन्हांतून एक आकार घडवावा लागतो. हे काम आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत हार्फबझ नावाची लायब्ररी करते. 'ओपन टाइप' या शब्दांचे फारसी रूप म्हणजे हार्फबझ, आणि त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. पँगो आणि क्यूटी या प्रोग्रॅम बांधण्याच्या लायब्ररी आणि लिबरऑफिस हे सगळे तिचा आधार घेतात. टायनी कोअरचे डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम मात्र एफएलटीके या अतिशय छोट्या टूलकिटवर (खिडक्या, बटणे काढण्याच्या संचावर) बांधलेले आहेत आणि त्याच्या १.३ मालिकेत हे अक्षरजुळणीचे काम होत नाही. डिलो हा ब्राउझरही त्याच टूलकिटवर आहे. नऊ वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, याचा मला आनंद झाला होता, म्हणून मी तो मुद्दाम बसवून एक मराठी पान उघडले. पान क्षणात उघडले, पण वेलांट्या पुढच्या अक्षरांना जाऊन टेकल्या होत्या, रफार सुटे पडले होते आणि 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र पाय मोडल्याचे चिन्ह घेऊन एकटा उभा होता. बाबांनी चष्मा वर करून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "हे वाचवत नाही रे."

त्या क्षणी माझी कसोटी ठरली. जो डिस्ट्रो 'दुसऱ्या' हा शब्द टंकताना, फाइलच्या नावात आणि छापताना नीट दाखवील, त्यातला सर्वांत हलका घ्यायचा. पन्नास-शंभर एमबी वाचवण्यासाठी लिपी मोडायची नाही. अँटिएक्सही या कसोटीला उतरला असता, कारण त्यातले बरेच प्रोग्रॅम जीटीके हे पँगोवर आधारलेले टूलकिट वापरतात. तरी मी डेबियन १३ वर एलएक्सक्यूटी हा क्यूटीवरचा हलका डेस्कटॉप घ्यायचे ठरवले, कारण मी मुंबईत आणि यंत्र गावी. अशा वेळी ज्याची माहिती सर्वाधिक लोकांना आहे आणि ज्याचे अपडेट न बोलता येत राहतात, ते बरे. शिवाय डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वायफायसारख्या भागांचे फर्मवेअर घालायचा निर्णय घेतला, त्यामुळे ते वेगळे शोधत बसण्याचा जुना त्रास गेला. आमच्या नेटबुकात अ‍ॅथेरॉसचे जुने वायफाय कार्ड आहे. त्याला तर फर्मवेअरही लागत नाही.

बसवताना नेटइन्स्टॉलची छोटी प्रतिमा वापरली आणि डेस्कटॉपच्या पूर्ण संचाऐवजी एलएक्सक्यूटीचा गाभाच तेवढा घेतला. ब्लूटूथ आणि डोंगलसाठीचा मोडेम मॅनेजर या सेवा बंद केल्या. यंत्र सुरू होऊन डेस्कटॉप दिसायला आता चाळीस सेकंदांच्या आसपास लागतात आणि त्या वेळी वापरलेली मेमरी साधारण ३८० एमबी असते.

मेमरीचा हा आकडा पाहताना अनेकांची गफलत होते. 'फ्री' या आज्ञेने दिसणाऱ्या तक्त्यात मोकळी मेमरी फार थोडी दिसते आणि माणूस घाबरतो. खरा रकाना 'अव्हेलेबल' हा आहे. रिकामी पडलेली मेमरी कर्नल फाइलींच्या साठ्यासाठी वापरतो आणि मागणी येताच ती सोडून देतो. हा साठा दर काही मिनिटांनी जबरदस्तीने रिकामा करणारी स्क्रिप्ट लावा, असा सल्ला जागोजागी दिसतो. तो कृपया पाळू नये. त्याने संगणक हळूच होतो, कारण नुकतेच वाचलेले पुन्हा डिस्कवरून वाचावे लागते.

डेबियन १३ मध्ये झालेला एक बदल मात्र कमी मेमरीवाल्यांनी आवर्जून लक्षात घ्यावा. '/टीएमपी' ही तात्पुरत्या फाइलींची जागा आता डिस्कवर नसून टीएमपीएफएसच्या रूपाने मेमरीत असते आणि ती निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकते. भरपूर मेमरी असलेल्या यंत्रावर हे चांगलेच आहे. पण दोन जीबीच्या यंत्रावर एखाद्या प्रोग्रॅमने तिथे पाच-सहाशे एमबीची फाइल टाकली, तर मेमरीचा मोठा घास गेलाच म्हणून समजा. सिस्टमडीचे 'टीएमपी डॉट माउंट' हे युनिट मास्क (कायमचे बंद) करून यंत्र पुन्हा सुरू केले, की ती जागा पूर्वीसारखी डिस्कवर जाते. मी ते पहिल्याच दिवशी केले.

यानंतरची गोष्ट म्हणजे झेडरॅम, आणि सगळ्या खटाटोपात सर्वाधिक गुण तिनेच दिला. कल्पना सोपी आहे. मेमरीतली जी पाने काही वेळ कुणी मागितलेली नाहीत, ती डिस्कवर न पाठवता दाबून, आकाराने लहान करून मेमरीतच एका कोपऱ्यात ठेवायची. आई ट्रंकेत हिवाळी गोधड्या दाबून घडी करते आणि त्याच ट्रंकेत आणखी दोन चादरी बसवते, तसे. ही सोय २०१४ मध्ये कर्नल ३.१४ पासून मुख्य प्रवाहात आली आणि फेडोराने २०२० मध्ये ती सर्वांसाठी आपोआप सुरू केली. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स हे पॅकेज बसवले आणि त्याच्या एका फाइलीत दोन ओळी बदलल्या, की काम होते. दाबण्यासाठी झेडस्टँडर्ड ही पद्धत अधिक घट्ट दाबते, पण अ‍ॅटमच्या एका कोअरला ती जड जाते. म्हणून मी एलझेड-४ निवडली आणि झेडरॅमचा आकार मेमरीच्या साठ टक्के ठेवला. लिबरऑफिसमध्ये बाबांची मोठी फाइल आणि ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडे असताना मी आकडे पाहिले: ४२० एमबीची पाने १४० एमबीत बसली होती. म्हणजे दोनशे ऐंशी एमबी मेमरी जणू नव्याने मिळाली.

इथे एक जुना सल्ला उलटा करावा लागतो. 'स्वॅपीनेस' नावाचे एक मूल्य असते. ते मुळात ६० असते आणि फिरत्या डिस्कच्या काळात ते दहावर आणा असे सर्रास सांगितले जाई, कारण स्वॅप म्हणजे डिस्क आणि डिस्क म्हणजे थांबणे. झेडरॅममध्ये स्वॅप मेमरीतच असतो, म्हणून पाने लवकर दाबायला काढणे हिताचे ठरते. कर्नल ५.८ पासून हे मूल्य दोनशेपर्यंत वाढवता येते. मी १५० ठेवले आहे. त्याच्याच जोडीला 'पेज क्लस्टर' शून्य केले. त्याचे मूळ मूल्य तीन आहे, म्हणजे एक पान मागितले तरी कर्नल आठ पाने एकदम आणतो. डिस्कवर ते शहाणपणाचे होते, कारण एकदा जागा शोधली की शेजारचेही उचलून घ्यावे. दाबलेल्या मेमरीत मात्र उरलेली सात पाने विनाकारण उलगडली जातात.

एवढे करूनही ब्राउझरचा प्रश्न उरतोच, आणि माझे स्पष्ट मत असे, की आजच्या काळात जुना संगणक ऑपरेटिंग सिस्टीमने नव्हे तर वेबपानांनी निकामी होतो. पूर्ण डेस्कटॉप ३८० एमबीत बसतो आणि बातम्यांचे एक पान, त्यावरच्या जाहिराती, आपोआप चालणारी चित्रफीत आणि मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्ट मिळून तेवढीच मेमरी मागतात. फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत चालवतो. ते सुरक्षिततेसाठी आहे, म्हणून मेमरी वाचवायला ते बंद करू नये. त्याऐवजी यूब्लॉक ओरिजिन बसवावे. जाहिराती अडवण्याने डोळ्यांना आराम मिळतो हे खरेच, पण दोन जीबीच्या यंत्रावर त्याचा खरा उपयोग मेमरीसाठी होतो. उबुंटूच्या कुटुंबातले डिस्ट्रो घेणाऱ्यांनी हेही पाहावे, की तिथे फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅप या स्वयंपूर्ण पॅकेजच्या रूपात येतो आणि जुन्या यंत्रावर तो पहिल्यांदा उघडायला पुष्कळ वेळ घेतो. चित्रफितींसाठी एमपीव्ही हा स्वतंत्र प्लेअर आणि ३६० पी एवढाच दर्जा ठेवला, कारण या नेटबुकाच्या ग्राफिक्स भागाला एच-२६४ या प्रकारची चित्रफीत उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

बाबांच्या लिखाणाची काळजी मला सर्वांत जास्त होती. मेमरी पूर्ण संपली तर कर्नल एखादा प्रोग्रॅम मारतो खरा, पण तोवर यंत्र इतके गोठलेले असते, की माणूस कंटाळून पॉवरचे बटण दाबून धरतो आणि लिहिलेले जाते. यासाठी अर्लीऊम नावाची एक छोटी सेवा आहे. वापरता येण्याजोगी मेमरी आणि मोकळा स्वॅप, दोन्ही दहा टक्क्यांच्या खाली गेले, की ती सर्वाधिक मेमरी खाणाऱ्या प्रोग्रॅमला वेळीच थांबायला सांगते. तिच्या रचनेत मी लिबरऑफिसला शक्यतो हात लावू नये आणि ब्राउझरचे टॅब आधी जावेत, असे लिहून ठेवले. लिबरऑफिसमध्ये आपोआप जतन करण्याचा अवधी दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधीही जाते आणि नेटबुकाची बॅटरी आता तासभरही टिकत नाही, त्यामुळे हे दुहेरी उपयोगाचे ठरले.

मराठी टंकण्यासाठी आयबस या वेगळ्या टंकन-प्रोग्रॅमची गरज पडली नाही, हे मला स्वतःला उशिरा कळले. इन्स्क्रिप्टसारखी एका कळीला एक चिन्ह देणारी मांडणी एक्स सर्व्हर (पडदा आणि कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःच सांभाळतो. भारतीय मांडणीखाली मराठीचा वेगळा पर्यायही आहे. तो घेतला आणि इंग्रजी-मराठी बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवले. त्यामुळे पार्श्वभूमीला चालणारा एक प्रोग्रॅम कमी झाला आणि तेवढी मेमरी लिखाणाला उरली. ज्यांना रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकायची सवय आहे, त्यांना मात्र आयबस किंवा एफसीआयटीएक्स लागेलच. फाँटसाठी रेड हॅटने मुक्त केलेल्या लोहित मालिकेतला मराठी फाँट बसवला. हिंदीसाठी बेतलेल्या अनेक फाँटांत ल आणि श यांचे आकार आपल्या शाळेत शिकवतात तसे नसतात आणि मराठीच्या शिक्षकाला ते दर ओळीत खटकतात.

पडद्याची उंची सहाशे पिक्सेल असल्यामुळे काही खिडक्यांची 'ठीक आहे' ची बटणे पडद्याच्या खाली जातात. ऑल्ट दाबून धरून खिडकी कुठेही पकडून वर ओढता येते, ही युक्ती बाबांना पहिल्याच दिवशी दाखवली. एलएक्सक्यूटीची पट्टी खालून काढून डाव्या कडेला उभी लावली, त्यामुळे लिहायला दोन ओळी जास्त दिसतात.

व्हिडिओ कॉल या यंत्रावर होत नाहीत. तो प्रयत्न मी सोडून दिला आणि त्यासाठी बाबा फोन वापरतात. एका वेळी तीनपेक्षा जास्त टॅब उघडायचे नाहीत, हे त्यांनी मान्य केले आहे. डेबियन १३ चे दीर्घ मुदतीचे अपडेट जून २०३० पर्यंत मिळतील, म्हणजे नेटबुक वीस वर्षांचे होईल तोवरची सोय झाली आहे.

दिवाळीनंतर मी पुन्हा गावी गेलो, तेव्हा शब्दांची फाइल 'द' पर्यंत पोहोचली होती. कीबोर्डच्या वरच्या मोकळ्या पट्टीवर बाबांनी कागदाचा एक बारीक तुकडा चिकटवला होता आणि त्यावर शाईच्या पेनाने, फळ्यावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात लिहिले होते: 'दुसऱ्या मधला ऱ्या : शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, मग काना.'